आमच्या घरात कढई चढत नाही

तळायचा विजेचा फ्रायर यांनीच आणला होता. हे म्हणजे माझे मिस्टर. झरी गावात यांचं मोटारी भरायचं दुकान होतं. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, हे त्यांना नवी तार गुंडाळून द्यायचे. विजेवर चालणारी कुठलीही वस्तू दिसली की यांचं भान हरपायचं. घरात दोन बिघडलेले मिक्सर आणि एक कधीच न वापरलेला पाव भाजायचा डबा आधीच धूळ खात पडले होते, त्यामुळे परभणीहून हे मोठं खोकं घेऊन आले तेव्हा मी शिलाई मशीनवरून मान वर केली नाही. नवऱ्याचे काही नाद सोडवता येत नाहीत, ते सोसायचे असतात.

पण या वेळी कारण होतं. त्याआधी सासूबाईंनी गॅसवर कढई ठेवली, तेल ओतलं आणि त्या मारुतीच्या देवळात निघून गेल्या. तेल पेटलं. मी धावत जाऊन कढईवर परात पालथी घातली, गॅस बंद केला, पण तोवर भिंत वरपर्यंत काळी झाली होती. सासूबाई देवळातून आल्या, भिंत बघितली आणि मलाच म्हणाल्या, "कोण तळायलं होतं गं? ध्यान कुठं होतं तिचं?"

राग करायची सोय नव्हती. त्यांना विसर पडायला लागून बरेच महिने झाले होते. परभणीच्या डॉक्टरांनी त्या आजाराचं लांबलचक नाव सांगितलं होतं, आम्ही घरात त्याला नुसतं विसर म्हणायचो. पण अख्ख्या गल्लीत तळणात जिचा हात धरणारं कोणी नव्हतं, अशी ही बाई. लग्नाच्या घरी पुऱ्यांच्या कढईपुढं हिला बसवायचे. कणकेचा चिमूटभर गोळा तेलात टाकून तो वर कसा येतो एवढं बघायची आणि म्हणायची, आता सोडा. अशा बाईला स्वयंपाकघराची बंदी घालायची, हे यांना जमेना. म्हणून फ्रायर.

यांनी आम्हा दोघींना समोर बसवून प्रात्यक्षिक दाखवलं. तेल ठरल्याएवढं तापलं की लाल दिवा जाऊन हिरवा लागतो, आपोआप थांबतं, पेटायची भीतीच नाही. झाकण लावलं की वास बाहेर जात नाही. मग कांद्याची भजी तळली. सासूबाई झाकणाच्या काचेत वाकून वाकून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तेल दिसंना, आवाज ऐकू येईना. ह्या डबड्यात काय मेलं आन काय जितं हाय, कळायचं कसं?"

हे खूप हसले. भजी मात्र सासूबाईंनीच सगळ्यात जास्त खाल्ली, आणि पोराचं तोंड बघून वर म्हणाल्या, "बरी हायत." नंतर खोकं बंद करून कपाटावर ठेवलं ते तिथंच राहिलं.

संक्रांत झाल्यावर हे गेले. दुकानात डबा उघडून बसले होते, जेवणाला सुरुवातही केली नव्हती. शेजारच्या दुकानदाराने यांना घरी आणून सोडलं तेव्हा डब्यातली भाकरी तशीच होती. ती भाकरी बराच वेळ माझ्या हातात होती, कोणाला द्यावी ते सुचत नव्हतं.

सासूबाई त्या दिवशी आईसारख्याच रडल्या. पण दहाव्याच्या दिवशी अंगणात बायका जमल्या, त्यांच्याकडे बघून मला हळूच विचारलं, "एवढी माणसं कामून आलीत?" मी सांगितलं. त्यांना ते पुन्हा नव्यानंच कळलं. पहिल्यांदा रडल्या होत्या तशाच रडल्या आणि जेवायचं सोडलं. पुढं कधी कोणी भेटायला यायचं, कधी यांचा फोटो दिसायचा, की परत तेच. आम्हाला एकदाच झालेलं दुःख त्यांना नवंकोरं करकरीत पुन्हा पुन्हा व्हायचं. दर वेळी अन्नपाणी बंद. दुसऱ्यांदा सलाईन लावावी लागली तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अंगात काही राहिलेलं नाही त्यांच्या. खाल्लं तर जगतील. आता असं पुन्हा होऊ देऊ नका."

मी फोटो उतरवला. विचारलं की सांगायची, "मोटार बसवायला गेलेत, येतील." नणंदेलाही बजावलं, पुण्यात असलेल्या माझ्या पोरालाही फोनवर बजावलं. आणि टिकली लावायला लागले. दहाव्याला बायकांनी माझं कुंकू पुसलं होतं. घरात शिरले की मी टिकली लावायची आणि बाहेर निघताना काढून आरशाला चिकटवायची. कुणीतरी खिडकीतून बघितलं असावं. गल्लीत चर्चा झाली. उचलली जीभ लावली टाळ्याला, त्यांचं काय जातंय. रोज संध्याकाळी सासूबाई दाराकडं तोंड करून बसायच्या. "त्यो आला न्हाई अजून?" या घरात यांची वाट बघणारं ते एकच माणूस उरलं होतं. मला ते माणूस जगायला हवं होतं. सासूबाईंवर माया होती म्हणून म्हणा, किंवा त्या आहेत तोवर हे नुसते कामाला गेलेले आहेत म्हणून म्हणा. दोन्ही खरं आहे.

मग आषाढ लागला.

आमच्याकडं आषाढाला आखाड म्हणतात आणि आखाडात घरोघर तळायचंच असतं. आखाड तळणं हे कामच असतं, पेरणीसारखं. गुळाच्या पाण्यात कणीक भिजवायची, लाटून वर खसखस दाबायची, सुरीनं शंकरपाळ्याच्या आकाराच्या पण मोठ्या कापण्या पाडायच्या आणि तळायच्या. पहिल्या देवीला, मग घरच्यांना, मग शेजारी. बाया एकमेकींना "जेवलीस का" असं न विचारता "आखाड तळलास का" असं विचारतात. एवढंच की, ज्या घरात माणूस गेलंय त्या घरात तळत नाहीत. आमच्यात वर्षश्राद्ध होईपर्यंत कढई चढत नाही. पण म्हणून ते घर उपाशी राहत नाही, बाहेरून तळलेलं येतं. शेजारपाजारच्या बाया फडक्यानं झाकलेलं ताट घेऊन येतात, काही न बोलता ठेवतात. चांगली रीत आहे. जिनं कोणी ही रीत पाडली तिच्या डोक्यात एकच गोष्ट आली नसावी, की त्या घरात एखादी विसरलेली आईही असेल.

पहिलं ताट शेजारच्या काकूंनी आणलं. सासूबाईंनी फडकं उचललं, कापण्या बघितल्या, ताट बघितलं.

"आपलं ताट न्हाई हे."

"काकूंनी दिल्यात, आत्याबाई. खावा."

"दुसऱ्याच्या घरचं तळण? आपल्यात कोण गेलंय?"

मी म्हणाले, कोणी नाही. त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या आणि ताट सरकवून दिलं. त्यानंतर जे जे ताट आलं ते मी दारातच घेऊन धान्याच्या कोठीमागं लपवायला लागले. पण गल्लीत तळणाचा वास सुटला होता, तो कोठीमागं कसा लपवणार? बाजेवर बसल्या बसल्या त्या वास घ्यायच्या आणि सुरू व्हायच्या. "समद्यांचा आखाड तळून झाला. आपल्यात कामून न्हाई? कोण गेलंय, सांग." आणि ताटातली भाकरी बाजूला. मुलाचं नाव एकदाही घेतलं नाही त्यांनी, पण गोल गोल फिरून तिथंच यायला लागल्या होत्या. घरात तळण झालं नाही तर त्यांना कळणार होतं, आणि कळलं तर त्या जाणार होत्या.

तेव्हा मला फ्रायर आठवला.

आता माझं डोकं कसं चाललं ते सांगते, हसायचं असेल तर हसा. रीत काय म्हणते? कढई चढवायची नाही. हा काही कढई नव्हे. चुलीवर चढवायची नाही. हा ओट्यावर ठेवून बटण दाबायचं, चढवायचा प्रश्नच कुठं येतो? शिवाय झाकण लावलं की वास बाहेर जात नाही, असं खुद्द यांनीच सांगितलेलं. म्हणजे ज्यांचा दुखवटा त्यांचीच परवानगी होती. भावकीतल्या कुणाला विचारलं असतं तर चार बैठका झाल्या असत्या. मी विचारलं नाही. खिडक्या लावल्या, कपाटावरून खोकं काढलं, लाकडी घाण्याचं करडईचं तेल ओतलं.

सासूबाईंना पाटावर बसवून कणीक पुढं ठेवली. मला भीती होती की हात विसरले असतील. हात काहीच विसरले नव्हते. गूळ चाखून म्हणाल्या, "लय गोड झालंय, मीठ घाल चिमटीभर." सुरी फिरली तशा सारख्या कापण्या पडत गेल्या. मी जाळीत सोडल्या, झाकण लावलं. त्यांनी कान लावला.

"न्हाई ऐकू येत."

"होतंय आतमध्ये."

पहिला घाणा चांगला निघाला, जरा जाळीला चिकटला एवढंच. वास म्हणाल तर, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. झाकण उघडताच घरभर गूळ-खसखशीचा वास. मी दाराला सतरंजी लावली. दुसरा घाणा आत सोडला आणि लाईट गेली.

हिरवा दिवा विझला. मी बटण दाबून बघितलं, वायर हलवून बघितली, घरात दुरुस्ती करणारं माणूस उरलेलं नसताना बाई जे जे करते ते सगळं केलं. आमच्याकडं लाईट गेली की कधी येईल ते कोणी सांगत नाही. तेल थंड होत चाललं होतं आणि कापण्या आत तेल पीत बसल्या होत्या. ओट्यावर अजून अर्धी पोळी कापलेली.

"भिजवलेलं तसंच ठिवत न्हाईत," सासूबाई म्हणाल्या. "आखाडात तर न्हाईच. कढई घे."

"आत्याबाई, राहू द्या. लाईट येईल."

"कढई घे म्हणले ना."

आणि त्या स्वतःच उठल्या. मांडणीखालून कढई ओढून काढली, पदरानं पुसली, गॅसवर ठेवली. बरेच महिने मला 'कोण गं तू' म्हणून विचारणारी बाई मला पूर्वीसारखी दटावत होती. माझ्याच्यानं नाही म्हणवलं नाही. खरं सांगायचं तर मला म्हणायचंही नव्हतं. मी काडी लावली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते याला.

तेल तापलं. त्यांनी चिमूटभर कणीक टाकली, ती बुडबुडत वर आली. "आता सोड." मी सोडल्या. तेलाचा तो चुर्रर्र आवाज आमच्या घरात संक्रांतीनंतर पहिल्यांदा झाला. सासूबाईंचं तोंड असं काही झालं की मला वाटलं, जाऊ दे, काय व्हायचं ते होवो. स्टीलच्या डब्यात त्यांनी वेगळ्या कापण्या काढल्या. "ह्या त्याच्या. त्याला गरम आवडत न्हाईत, दुसऱ्या दिशी चहात बुडवून खातो." खरंच तसंच खायचे हे. मग एक कापणी फुंकून स्वतःच्या तोंडात घातली. चावत होत्या. मी दुसरी हातात तयार ठेवली होती.

तेवढ्यात दाराची सतरंजी बाजूला झाली. नणंद होती, यांची थोरली बहीण, पोखर्णीला दिलेली. दुखवट्याच्या घरी आखाड पोचवायला आली होती, रीतीप्रमाणं, पिशवीत स्वतःच्या हातच्या कापण्या घेऊन. तिनं कढई बघितली. आईला सांगायचं नाही हे तिलाही माहीत होतं, तीच मला फोनवर आठवण करून द्यायची. पण माणूस वास घेतं आणि मग तोंड उघडतं, मधे विचार करायला वेळ नसतो.

"कढई चढवलीस? माझ्या भावाचं वरीस तरी होऊ द्यायचं व्हतंस."

बोलली आणि तिचा तिलाच हात तोंडावर गेला. खूप उशीर झाला होता.

सासूबाईंचं चावणं थांबलं. त्यांनी तोंडातला घास हातावर काढला आणि त्याच्याकडं बघत राहिल्या. पोराच्या दुखवट्यात आपण तळण खाल्लं, हे त्यांना समजलं होतं. इतकं स्पष्ट मी कोणाच्या तोंडावर कधी काही वाचलेलं नाही. मग त्या उठल्या आणि गॅसचं बटण बंद केलं. खालचा रेग्युलेटरसुद्धा बंद केला. ज्या बाईला गॅस बंद करायचा ध्यानात राहत नाही म्हणून हा सगळा खटाटोप, तिनं त्या वेळी तो नीट बंद केला.

"तिला बोलू नको," त्या लेकीला म्हणाल्या. "मीच म्हणले तळ म्हणून."

मग भिंतीला टेकून बसल्या. नणंद त्यांच्या पायाशी बसून हुंदके देत होती. माझं म्हणाल तर मला तिचा राग आला होता, यांचा आला होता, लाईटवाल्यांचा आला होता. रडू नंतर आलं, फ्रायरमधलं तेल गाळताना.

पुन्हा सलाईन. पुन्हा डॉक्टरांची बोलणी. पण त्या गेल्या नाहीत. चमच्या चमच्यानं पेज, मग दूध, मग भात असं करत करत परत बाजेवर बसायला लागल्या, आणि एका संध्याकाळी दाराकडं बघून म्हणाल्या, "त्यो आला न्हाई अजून?" मी देवाला हात जोडले. पुन्हा विसरल्या होत्या.

फक्त एक झालं. तळलेलं त्या खाईनात. पापड दिला तर बोटानं बाजूला. भजं दिलं तर बोटानं बाजूला. "न्हाई चालत." आम्हाला वाटलं पोटाचं काही असेल.

पुढच्या संक्रांतीनंतर वर्षश्राद्ध झालं. वडे तळले, भावकी जेवून गेली, दुखवटा फिटला. सासूबाईंना घरात कसलीतरी पूजा वाटली. त्यांनी खीर कशी आटवायची ते सांगितलं, वडा खाल्ला नाही.

आणि आता हा आखाड. सासूबाईंचं खाणं इतकं कमी झालंय की मनगट माझ्या दोन बोटांत मावतं. डॉक्टर म्हणाले, काहीही द्या, आवडेल ते, पण पोटात जाऊ द्या. आवडीचं म्हणजे कापण्याच. नणंद करडईच्या तेलाचा डबा घेऊन मुद्दाम आली. "ह्या वर्षी हक्कानं तळू," म्हणाली. मी सकाळी लग्नाच्या घरी ब्लाऊज पोचवून आले आणि आल्या आल्या दोघी कामाला लागलो. फ्रायर काढला नाही. कढईच ठेवली, उघडी, खिडक्या उघड्या, लपवायचं काही नव्हतं.

तेलाचा आवाज ऐकून सासूबाई भिंत धरत धरत आल्या. आम्हाला दोघींना आनंद झाला, कान अजून ओळखतायत म्हणून. त्या थेट गॅसपाशी गेल्या आणि बटण बंद केलं.

"कढई कुणी चढवली? दुखवटा हाय घरात."

नणंद म्हणाली, "कुणाचा, माय?"

त्या आठवायला लागल्या. कपाळावर आठ्या, ओठ हलतायत.

"ध्यानात न्हाई," त्या म्हणाल्या. "पर हाय."

"फिटला की माय दुखवटा. वरीस झालं."

"कुणाचं वरीस?"

नणंदेनं माझ्याकडं बघितलं. मी कणकेची परात उचलली, नणंदेनं तेल घेतलं आणि आम्ही शेजारी काकूंकडं गेलो. त्यांच्या गॅसवर, त्यांच्या कढईत आमचा आखाड तळला. तळून झाल्यावर काकूंनीच स्वतःचं ताट काढलं, फडकं झाकलं आणि पुढच्या दारानं आमच्या घरात आल्या, दुखवट्याच्या घरी येतात तशा, न बोलता.

सासूबाईंनी फडकं उचललं.

"बाहीरचं हाय ना?"

"व्हय, आमच्या घरचं," काकू म्हणाल्या.

"मग चालतंय."

त्यांनी एक कापणी घेतली आणि खाल्ली. सगळी खाल्ली. नणंद दाराआड तोंड फिरवून उभी राहिली. मग सासूबाईंनी दुसरी उचलली आणि माझ्यापुढं धरली. माझ्याकडं नीट बघितलं, कपाळाकडं. लग्नाच्या घरून आल्यावर गडबडीत माझी टिकली आरशालाच राहिली होती.

"घे, खा बाई," त्या म्हणाल्या. "तुजं बी कुणीतरी गेलंय जणू."

मी घेतली आणि त्यांच्याजवळ बसून खाल्ली. गूळ जरा कमी पडला होता.